सांडपाण्यातून वीज : जिवाणू काम करतील, पण गटारात कोण उतरणार?

गटारात कामगार गुदमरून मेला की बातमीत 'विषारी वायू' एवढेच कारण छापून येते. हा वायू येतो कुठून? बंद गटारात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू मैला कुजवतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तयार होतात. पण जिवाणूंच्या याच भुकेतून वीजही मिळवता येते. त्या यंत्रणेला 'मायक्रोबियल फ्युएल सेल' म्हणतात.

तिची रचना साधी आहे. बंद कप्प्यात सांडपाणी आणि कार्बनचा इलेक्ट्रोड असतो. जिओबॅक्टरसारखे जिवाणू पाण्यातली घाण खातात. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आपले शरीर शेवटी ऑक्सिजनला देते. इथे ऑक्सिजन नसल्याने जिवाणू ते इलेक्ट्रोडला देतात. तिथून ते तारेतून हवेच्या बाजूच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे जातात. हा प्रवाह म्हणजेच वीज. घाण खाल्ली गेल्याने पाणीही बरेच स्वच्छ होते.

सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे इंग्लंडमधील एम. सी. पॉटर यांनी 1911 मध्येच मांडले होते. 2015 मध्ये ब्रिस्टलच्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठाने ऑक्सफॅमसोबत एक मुतारी उभारली. तिथे मूत्रापासून झालेल्या विजेवर दिवे लागले. निर्वासितांच्या छावण्यांतील अंधाऱ्या शौचालयांत उजेड व्हावा, हा हेतू होता.

मर्यादाही आहेत. एका सेलमधून एक व्होल्टही मिळत नाही. अनेक सेल जोडावे लागतात. इलेक्ट्रोड महाग पडतात. रोगजंतू मारण्यासाठी पाण्यावर पुढची प्रक्रिया लागतेच. त्यामुळे शहर उजळेल अशी स्वप्ने कोणी विकू नयेत. खरा फायदा बचतीचा आहे. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात पाण्यात हवा सोडायला भरपूर वीज लागते, गाळही खूप साचतो. इथे दोन्ही कमी होऊ शकते.

आमचा प्रश्न मात्र पुढचा आहे. हाताने मैला उचलण्यास आणि गटारांच्या धोकादायक सफाईस 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई ठरवली. तरी माणसे उतरवली जातात, आणि कोणत्या जातींची, हे सांगायला नको. केंद्रात नवे तंत्र आले आणि तुंबलेल्या नळात माणूसच उतरला, तर बदलले काय?

म्हणून विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय अभ्यासाला घ्यावा. कार्यकर्त्यांनी नगरपालिकेला विचारावे : सफाईची यंत्रे किती, चालू किती, आणि ती चालवण्याचे प्रशिक्षण व कायम नोकरी सफाई कामगारांना मिळाली का? उत्तर लेखी घ्यावे.