जोडपदवीतला हरवलेला सांधा

बारावीनंतर वाणिज्य आणि संगणक एकत्र शिकवणाऱ्या पदवीला महाराष्ट्रात एकच असे नाव नाही. पुण्यात ती बीबीए (सीए) आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तीच वाणिज्य शाखेची बीसीए होती आणि विज्ञान शाखेची बीसीए निराळी. मुंबई विद्यापीठात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला ‘कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स’ हा विषय घेण्याची सोय जुनी आहे. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए आणि बीएमएस आपल्या कक्षेत घेतले, राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली आणि नावालाच महत्त्व आले. बीबीए परिषदेच्या कक्षेत, बी.कॉम. कक्षेबाहेर. लाखाहून अधिक जागा असताना पहिली सीईटी देणारे विद्यार्थी पन्नास हजारांच्या आतच भरले, ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि अनेक महाविद्यालयांनी जवळपास त्याच अभ्यासक्रमांना बी.कॉम. ऑनर्ससारखी नावे दिली. तेव्हापासून चर्चा रिकाम्या जागा, कॅप राउंड आणि नावबदल यांभोवतीच फिरते आहे. या पदवीत काय शिकवले जाते, हा प्रश्न त्यात मागे पडला, आणि खरा महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

सीईटीचा आराखडाच पाहावा. १०० प्रश्न, ९० मिनिटे. इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्यज्ञान आणि संगणकाची तोंडओळख यांचे प्रत्येकी १५. हिशेबाचा प्रश्न एकही नाही. सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना दार उघडे ठेवायचे तर हे समजण्याजोगे आहे. पण मग पहिल्या वर्षाच्या वर्गात एका बाकावर दोन वर्षे पुस्तपालन केलेली मुलगी असते आणि शेजारी रोजकीर्द कशाशी खातात हे माहीत नसलेला विज्ञान शाखेचा मुलगा. त्याला हिशेबात आणि तिला प्रोग्रॅमिंगमध्ये कोणी वर आणायचे, याची जबाबदारी अभ्यासक्रमावर येते.

तो अभ्यासक्रम काय करतो? पुणे विद्यापीठाच्या बीबीए (सीए)च्या २०१९ च्या आराखड्यात सी, डेटाबेस, वेब तंत्रज्ञान, डेटा स्ट्रक्चर, नेटवर्किंग, जावा, सायबर सुरक्षा, सॉफ्टवेअर टेस्टिंग अशी संगणकाची भरगच्च यादी आहे. वाणिज्याच्या बाजूला व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यावसायिक संवाद, मनुष्यबळ, डिजिटल मार्केटिंग, आणि हिशेबाचा म्हणून दुसऱ्या सत्रातला वित्तीय लेखांकनाचा पेपर. पहिल्या वर्षी तो सुटला की खतावणीशी संबंध संपला. तेलंगणातील उस्मानिया विद्यापीठाची बी.कॉम. (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) याच्या शेजारी ठेवली तर फरक लगेच दिसतो. तिथे वित्तीय, कंपनी आणि परिव्यय लेखांकन पदवीभर चालते आणि संगणकाचे विषय त्याच्या जोडीने येतात. पुण्याचा आराखडा नोकरीच्या बाजाराकडे पाहून आखला गेला, हे उघड आहे. त्यात विद्यार्थ्याच्या हाती कोडिंग लागते, हे खरेच. पण वाणिज्य शाखेखाली चालणाऱ्या पदवीतून हिशेब इतका आटावा, हे नुकसान मोठे आहे.

विषयांची संख्या वाढवूनही हा प्रश्न सुटणार नाही, कारण उणीव दोन विषयांच्या सांध्यात आहे. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला नावे आणि जमा अशा दोन बाजू लागतात. एकच बाजू लिहिली गेली तर तेरीज जुळत नाही. डेटाबेसच्या तासाला ‘ट्रान्झॅक्शन’ शिकवताना हेच सांगितले जाते: काम पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही, अर्धवट नोंद राहणार नाही. हे साम्य योगायोगाचे नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणांचा वेग मोजण्यासाठी जी कसोटी सुचवली, तिचे नावच ‘डेबिटक्रेडिट’ होते. बँकेच्या गल्ल्यावरचा जमा-खर्चाचा व्यवहार हा तिचा नमुना. हे दोन्ही तास एकाच इमारतीत, एकाच आठवड्यात होतात. त्यांना जोडणारा तास मात्र वेळापत्रकात नसतो.

दुसरे उदाहरण खरेदीचे. कंपनीत बिलाचे पैसे देण्याआधी तीन कागद जुळवतात: पर्चेस ऑर्डर, माल आल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचे बिल. शंभर नग मागवले, नव्वद आले, बिल शंभराचे लागले, तर पैसे थांबतात. लेखापरीक्षकाच्या दृष्टीने हे अंतर्गत नियंत्रण. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने तीन टेबलांचा जॉइन. ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंतची सगळी कामे एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर, बसवताना मात्र या दोन दृष्टी एकाच माणसाजवळ असाव्या लागतात. नव्वद नगांचे पैसे आता द्यायचे आणि उरलेले दहा उघडे ठेवायचे, की सगळेच बिल अडवायचे, हा धंद्याचा निर्णय आहे आणि तो शेवटी सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमध्ये जाऊन बसतो.

माहिती प्रणाली हा विषय जन्मला तोच या सांध्यातून, आणि तो इतिहास आपल्याकडच्या वर्गांत फारसा सांगितला जात नाही. लंडनची जे. लायन्स अँड कंपनी चहा आणि केक विकायची. शहरोशहरी तिची चहाची दुकाने होती आणि हॅमरस्मिथ भागातल्या कॅडबी हॉलमध्ये मोठ्या बेकऱ्या. तिचा सगळा व्यवहार लहान लहान विक्रीचा. एका कपामागे नफा अगदी थोडा आणि त्याची नोंद ठेवायला कारकुनांची फौज. १९४७ मध्ये कंपनीने रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड या दोन व्यवस्थापकांना कचेरीच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेत पाठवले. तिथे त्यांना इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचे काम दिसले आणि तशाच यंत्रावर केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स काम करत असल्याचे प्रिन्स्टनमध्ये समजले. लायन्सने केंब्रिजला पैसे आणि एक माणूस दिला, एडसॅक यंत्र १९४९ मध्ये चालले आणि त्याच्या धर्तीवर कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. त्याचे नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे काम नियमित सुरू झाले. धंद्याचे रोजचे काम संगणकावर चालवण्याचा जगातला हा पहिला नमुना मानला जातो.

पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या संगणक विभागात फ्रँक लँड दाखल झाले. बर्लिनमध्ये १९२८ साली जन्मलेले आणि १९३९ मध्ये कुटुंबासह ब्रिटनला आलेले लँड शिकले होते अर्थशास्त्र, तेही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. लायन्समध्ये ते हिशेबाच्या बाजूने आले आणि तिथून प्रोग्रॅमिंगकडे वळले. त्यांच्यासारख्या माणसांना लिओवर काय शिकायला मिळाले, ते दुकानांच्या मागणीच्या कामात चांगले दिसते. प्रत्येक दुकानाची वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्रात आधीच भरलेली असे. दुकानाच्या व्यवस्थापिकेने फोनवर फक्त बदल कळवायचे. ते कार्डांवर पंच होत. यंत्र त्यावरून बेकरीचे एकूण उत्पादन, दुकानागणिक मालाची यादी आणि हिशेब असे सगळे एकाच फेरीत काढून देई. नोंद एकदाच करायची आणि तिच्यातून उत्पादन, वाहतूक व हिशेब तिन्ही चालवायचे, हे आजच्या प्रत्येक ईआरपीचे तत्त्व १९५४ मध्येच चहाच्या दुकानांसाठी वापरात आले होते. फक्त अपवाद कळवण्याची कल्पना यंत्र बांधणाऱ्यांना सुचण्याजोगी नव्हती. रोजची मागणी किती थोडी बदलते, हे धंदा जवळून पाहिलेल्यालाच ठाऊक होते.

लँड १९६७ मध्ये आपल्या जुन्या संस्थेत परतले आणि त्यांनी तिथे हा विषय उभा केला. ब्रिटनमधले माहिती प्रणालीचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. अटलांटिकपलीकडे मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी त्याच सुमारास व्यवस्थापकीय माहिती प्रणालीचा अभ्यासक्रम सुरू केला. दोन्हीकडे हा विषय अर्थशास्त्र व व्यवस्थापनाच्या घरात वाढला. पुढे १९८२ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या विल्यम मॅकार्थी यांनी हिशेबाच्या नियतकालिकात एक आराखडा मांडला: नावे-जमा ही नंतरची मांडणी समजावी आणि डेटाबेसमध्ये मुळात साधने, घटना आणि त्यांतली माणसे नोंदवावीत. हिशेब आणि डेटाबेस यांचा सांधा इतका थेट जुळवणारे लेखन विरळा. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ते सहज शिकवता येईल.

भारतात हा सांधा आता कायद्यानेच पुढे आणला आहे. जीएसटीखाली ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींच्या वरच्या व्यवसायांपर्यंत उतरली. बिल सरकारी पोर्टलवर जाते आणि तिथून ६४ अक्षरी क्रमांक व क्यूआर कोड घेऊन परत येते. तो क्रमांक म्हणजे विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून काढलेला हॅश. सायबर सुरक्षेच्या तासाला शिकवतात तोच. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून आणखी एक नियम लागू आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला यावर आपल्या अहवालात लिहावे लागते. पहिल्याच वर्षी कित्येक अहवालांत एकच शेरा आला: सॉफ्टवेअरच्या पडद्यावरून केलेले बदल नोंदले जातात, पण थेट डेटाबेसमध्ये शिरून केलेले बदल नोंदले जात नाहीत. हा शेरा लिहिण्यासाठी खतावणी आणि टेबल दोन्ही समजावे लागतात.

न समजल्यास काय होते, हे मुंबईने २०१८ मध्ये पाहिले. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेतून भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना हमीपत्रे जात होती. ती स्विफ्ट या संदेशयंत्रणेवरून जात, आणि बँकेची स्विफ्ट यंत्रणा तिच्या कोअर बँकिंगला जोडलेली नव्हती. म्हणून संदेश निघाला तरी बँकेच्या पुस्तकात देणे नोंदले जाईलच असे नव्हते. वर्षानुवर्षे ते नोंदले गेले नाही. जानेवारी २०१८ मध्ये नव्या अधिकाऱ्याने हमीपत्र मागणाऱ्या कंपन्यांकडे पूर्ण रोख तारण मागितले, तेव्हा आधी असे कधी द्यावे लागले नव्हते असे उत्तर मिळाले. जुने व्यवहार शोधले तर यंत्रणेत काहीच सापडेना. घोटाळ्याची रक्कम अखेर १३,००० कोटींच्या पुढे गेली. यात कोणी संगणक फोडला नव्हता. दोन यंत्रणांमध्ये रिकामी जागा होती आणि तिच्यावर कोणाची नजर नव्हती. बँक जुळवणी पत्रक अकरावीच्या पुस्तकात आहे. दोन स्वतंत्र नोंदी ठरावीक दिवसांनी एकमेकींशी ताडून पाहायच्या, एवढेच त्याचे तत्त्व. स्विफ्टचे संदेश आणि बँकेची पुस्तके यांच्यात ते वेळेवर झाले असते, तर प्रकरण इतके वाढले नसते. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ची मुदत घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. त्यात एटीएमच्या विचारणा बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचूच न देता बनावट स्विचने मंजूर केल्या आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. घाव पुन्हा सांध्यावरच पडला.

वाणिज्य आणि संगणक एकत्र शिकण्याचे दुसरे मार्गही आहेत. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत बॅचलर ऑफ कॉमर्स आणि बॅचलर ऑफ इन्फर्मेशन सिस्टिम्स अशी जोडपदवी चालत आली आहे: दोन स्वतंत्र पदव्या, सामाईक विषय एकदाच मोजायचे, म्हणून सहाऐवजी साधारण चार वर्षे. तिथे वाणिज्याची बाजू पूर्ण राहते. खर्च आणि कालावधी मात्र वाढतो. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत बी.कॉम. मुख्य आणि संगणक उपविषय अशी रचना शक्य झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिल्यामुळे सकाळी बी.कॉम. करत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी घेणेही शक्य आहे. हा रस्ता कष्टाचा आहे, पण हिशेबाची पक्की बैठक असलेल्याला तो बीबीए (सीए)पेक्षा दूर नेईल.

या शिक्षणातून निघणारी कामे ठरलेली आहेत: ईआरपीचा फंक्शनल कन्सल्टंट, बिझनेस ॲनालिस्ट, माहिती प्रणालीचा लेखापरीक्षक. शेवटच्या कामासाठी पुढे सीआयएसएसारखी परीक्षा असते, आणि सनदी लेखापालांची संस्था आपल्या सभासदांसाठी माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवते. अभ्यासक्रम निवडताना विद्यार्थ्याने आणि पालकांनी पाहण्याची जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. ग्रंथालयाची नोंदवही किंवा हॉटेलचे बुकिंग संगणकावर आणणे हे बहुतेक ठिकाणी चालते आणि त्यात वाणिज्याचा अंशही नसतो. त्याऐवजी एखाद्या लहान कारखान्याची वर्षाची खरेदी घ्यावी, पर्चेस ऑर्डरपासून जीएसटी विवरणापर्यंत ती डेटाबेसमध्ये बसवावी, तेरीज काढावी, मग एक बिल थेट टेबलात जाऊन बदलावे आणि तो बदल कोणत्या अहवालात दिसतो, कोणत्यात दिसत नाही, हे तपासून लिहावे. असा प्रकल्प तपासायला हिशेबाचे आणि संगणकाचे असे दोन अध्यापक एकत्र बसावे लागतील. प्रवेशाआधी महाविद्यालयाला विचारण्याचा प्रश्न हाच, की ते तसे बसतात का.