बंदूक हात बदलते तेव्हा

खासगी शस्त्रांची निवड, दुरुस्ती आणि विक्री या विषयाची सुरुवात सेवाग्रामपासून करावी, हे अनेकांना खटकेल. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथल्या मातीच्या कुट्यांत शस्त्राला जागा नव्हती. पण आपल्याकडे शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात कसे जाते, याची बारीकसारीक तपशिलांसह नोंद गांधीहत्येच्या खटल्यात आणि 1966 साली नेमलेल्या कपूर आयोगाच्या अहवालात सापडते. त्या अहवालात वर्धा-सेवाग्रामचाही एक प्रसंग आहे.

सप्टेंबर 1944. जिनांशी बोलणी करायला गांधीजी मुंबईला निघणार होते. ती बोलणी होऊ नयेत म्हणून निदर्शक सेवाग्रामात ठाण मांडून बसले होते. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि झडतीत म्होरक्याजवळ जंबिया निघाला. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी ही हकीकत मवाळ नेते तेजबहादूर सप्रूंना पत्राने कळवली होती. पोलिसांनी मात्र हे प्रकरण फारसे ताणून धरले नाही.

जंबियापासून पिस्तुलापर्यंतचा रस्ता पुण्यातून गेला. दिगंबर रामचंद्र बडगे याचे तिथे ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान होते. सुरे, खंजीर, चिलखते असा माल उघडपणे विकला जाई आणि आडून स्फोटके व बंदुका. गिऱ्हाईक ओळखीचे, रोख पैसा, पावती नाही. 14 जानेवारी 1948 रोजी दादरला हिंदू महासभेच्या कचेरीत त्याने हातबॉम्ब आणि गनकॉटन या स्फोटकाच्या लाद्या पोचवल्या. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला, म्हणूनच आज आपल्याला हा व्यवहार इतका आतून कळतो.

त्याच्या साक्षीतला एक तपशील या विषयाच्या गाभ्याचा आहे. नथुराम गोडसेने एक छोटे पिस्तूल बडगेच्या हाती दिले आणि त्याच्या बदल्यात मोठे रिव्हॉल्व्हर मिळते का पाहा, असे सांगितले. बडगेने पुण्यातल्याच एका माणसाकडून अदलाबदल करून ते आणले, सोबत मोजकी काडतुसे. दोन शस्त्रे दोन घरांतून हलली आणि सरकारदरबारी एका अक्षराचीही नोंद झाली नाही.

20 जानेवारीला सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत ही शस्त्रे चालवून पाहिली गेली. नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे याच्या रिव्हॉल्व्हरचे काडतुसांचे चक्र अडकले. बडगेने आणलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोचली नाही. बडगेचा नोकर शंकर किस्तय्या याला तेलाची बाटली आणि चाकू आणायला पिटाळले आणि तिथेच दुरुस्ती मांडली. इतक्यात वनरक्षक आले, तेव्हा काहीबाही सांगून त्यांना वाटेला लावले. त्या संध्याकाळी कटातल्याच मदनलाल पाहवाने बिर्ला भवनात स्फोट केला, पण कट फसला. वापरलेल्या, कुणाकडून तरी फिरत आलेल्या शस्त्राची खरी अवस्था विकत घेणाऱ्याला कळत नाही, एवढे त्या सकाळी सिद्ध झाले.

मग चांगल्या शस्त्राचा शोध सुरू झाला. तो ग्वाल्हेरला संपला. ग्वाल्हेर तेव्हा संस्थान होते. 28 जानेवारीला तिथे हाती आलेले पिस्तूल म्हणजे 9 मिमीचे इटालियन बेरेटा, क्रमांक 606824. कारखान्याने कोरलेला हा क्रमांक नक्की माहीत आहे. पण इटलीत बनलेले ते पिस्तूल ग्वाल्हेरच्या एका घरापर्यंत कोणकोणत्या हातांतून आले, याची साखळी तितक्या खात्रीने जुळवता येत नाही. 30 जानेवारीला त्यातून तीन गोळ्या सुटल्या. गांधीजी थोड्याच दिवसांत सेवाग्रामला परतणार होते. तिथे ठरलेले रचनात्मक कार्यकर्त्यांचे संमेलन अखेर मार्चमध्ये त्यांच्याविना भरले.

याच गांधीजींनी जानेवारी 1930 मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यातली शेवटची मागणी स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत अशी होती, लोकांच्या नियंत्रणाखाली. 1878 च्या शस्त्र कायद्याने परक्या सत्तेने देशाला नि:शस्त्र केले, हा त्यांचा राग होता. मागणीतले ‘नियंत्रण’ मात्र नजरेआड करण्यासारखे नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 चा. खासगी मालकाला आपली परवान्याची बंदूक विकता येते. त्यासाठी दुकानदाराचा परवाना लागत नाही. पण घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर 45 दिवस थांबावे लागते. घेणाराही परवानाधारक हवा. पुण्यात एका बैठकीत उरकलेली ती अदलाबदल आठवली की या 45 दिवसांचे मोल कळते. विनापरवाना नळी आखूड करणे आणि ओळखीचा क्रमांक खरवडणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून.

शस्त्र आपल्या अंगाबेताने जुळवून घेण्याची निर्मळ हौस पाहायची असेल तर नेमबाजांकडे जावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरायचा असतो. प्रत्येक वेळी दस्त्याची लांबी, गालाला टेकणारी पट्टी, खांद्याला लागणारी पाटी पुन्हा बसवावी लागते. एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी मान अवघडते आणि नेम हलतो. पिस्तूलवाले तर मुठीचे लाकूड स्वतःच्या पंजाप्रमाणे घासून, पुट्टी भरून घेतात. हे सगळे परवाना आणि खेळाच्या नियमांच्या चौकटीत होते.

विदर्भातल्या खेड्यांत चित्र वेगळे आहे. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक राखायला घेतलेली ठासणीची बंदूक आजोबांच्या नावावर असते. आजोबा जातात, बंदूक माळ्यावर राहते, परवान्याची मुदत कधी संपली ते कुणी पाहत नाही. पुढे कुणीतरी नातेवाईक ‘तुम्हाला काय करायची’ म्हणून ती घेऊन जातो. बडगेच्या दुकानात व्हायचे तेच इथे होते: शस्त्र हलते, कागद हलत नाही. हेतू चांगला असला तरी हा व्यवहार बेकायदाच.

ज्यांच्या घरी अशी बंदूक असेल त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत परवाना शोधावा, त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. नाव मृताचे असेल किंवा मुदत संपली असेल तर बंदूक कुणालाही न देता पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यावी आणि वारसाच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा.