गल्ला म्हणजे नफा नव्हे

गावोगावच्या शाळांत बालआनंद मेळावा भरतो. मुलं मेथीच्या जुड्या, उकडलेली अंडी, भेळ, बोरं-चिंचा घेऊन बसतात. पालक आणि शिक्षक गिऱ्हाईक होतात. दुसऱ्या दिवशी ‘विद्यार्थ्यांनी केली हजारोंची उलाढाल’ अशी बातमी येते. उपक्रम चांगलाच आहे, व्यवहाराची इतकी सरळ ओळख पुस्तकातून होत नाही. पण बाजार उठल्यावर मुलांशी जे बोलायला हवं ते बहुतेक वेळा बोललं जात नाही, आणि धंद्याविषयीचे गैरसमज तिथेच रुजतात.

‘सहाशे रुपये कमावले!’

समजा, आठवीतल्या मुलीने १० रुपयांना एक याप्रमाणे ६० ग्लास लिंबूसरबत विकलं. घरी येऊन ती म्हणते, ‘आई, सहाशे कमावले!’ आता हिशेब मांडू. लिंबं १५० रुपये, साखर ८०, बर्फ ५०, कागदी ग्लास ६०. खर्च झाला ३४०, नफा राहिला २६०. त्यातही १० ग्लास मैत्रिणींनी उधार प्यायले असतील, तर गल्ल्यात ५०० रुपयेच आहेत आणि सामानाचे पैसे वळते केल्यावर हातात उरतात १६०. विक्री ६००, नफा २६०, हातातली रोकड १६०. हे तीन आकडे वेगळे असतात, एवढं जरी चौदाव्या वर्षी कळलं तरी पुढे फार उपयोगी पडतं. कारण चांगली विक्री असलेली दुकानंही उधारी थकल्याने बंद पडतात.

अजून एक रकाना राहिलाच. मुलगी चार तास उभी होती, आदल्या रात्री आईने दोन तास लिंबं पिळली. २६० रुपयांना या सहा तासांनी भागलं तर तासाला ४३ रुपये पडतात. ही मजुरी वहीत आलीच पाहिजे. सामान घरचं, कष्ट आईचे, म्हणून दोन्ही फुकट धरायला शिकवलं, तर मुलं बायकांच्या श्रमांना किंमत नसते हेही त्याच दिवशी शिकतात. मला या मेळाव्यांत सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

‘धंदा म्हणजे नुसता नफा’ आणि ‘धंदा म्हणजे लबाडी’

घराघरांत हे दोन्ही समज एकत्र नांदतात. नफा हेच कंपनीचं कर्तव्य, असं अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली ठामपणे लिहिलं. त्यांनी त्याला खेळाचे नियम पाळण्याची आणि फसवणूक न करण्याची अट घातली होती, हे मात्र सांगताना गाळलं जातं. त्याआधी, १९५४ साली, व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी व्यवसायाचा हेतू गिऱ्हाईक निर्माण करणं हा आहे, असं मांडलं होतं. मुलांना शिकवताना मला ड्रकर जवळचे वाटतात. कुणाची तरी अडचण आपण अशी सोडवायची की त्याने आपखुशीने पैसे मोजावेत आणि पुन्हा यावं. नफा त्या कामाला जिवंत ठेवतो. तो नसेल तर कितीही चांगला हेतू वर्षभरात संपतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण गिरगावातलं आहे. १५ मार्च १९५९ रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. तोटा आला तरी देणग्या मागायच्या नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलका माल स्वस्तात विकत. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितलं की प्रत एकच ठेवा, दर्जाशी तडजोड नको, आणि हिशेब चोख लिहा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसातही माल वाळू लागला. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. त्यातून उभी राहिलेली ‘लिज्जत’ आज हजारो बायकांच्या मालकीची आहे. नफा आणि तोटा दोन्ही सभासद बहिणींचे.

व्यवसायाचा हेतू काय, या प्रश्नाला या गोष्टीत तीन उत्तरं एकदम मिळतात. खाणाऱ्याला खात्रीचा पापड, लाटणारीला स्वतःची कमाई, आणि दोन्ही चालू राहावं म्हणून शिल्लक. यातलं एक काढलं तर बाकीची दोन टिकत नाहीत.

भांडवलाशिवाय काही होत नाही, या समजुतीचं उत्तरही त्या ८० रुपयांत आहे. मात्र ते उसने होते आणि परत करायचे होते, हे मुलांना सांगायला विसरू नये.

‘जगात कुणाला सुचलं नाही असं काहीतरी सुचायला हवं’

लोखंडी नांगर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शोधला नाही. परदेशी बनावटीचे नांगर तेव्हा होतेच. त्यांनी तो इथल्या शेतकऱ्यासाठी इथे बनवला. तरीही खप होईना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. पुढे त्यांना कारखान्याची बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजांनी माळरानावर जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कल्पना सुचण्याला इथे किती थोडी जागा आहे, पाहा. बाकी सगळं गिऱ्हाईकाची भीती समजून घेणं आणि धीर धरणं. म्हणून ‘नवी कल्पना आणा’ अशा स्पर्धांपेक्षा ‘दहा जणांना त्यांची अडचण विचारून या’ हा गृहपाठ मला मोलाचा वाटतो. मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनीही मुलांना एकदा किर्लोस्करवाडीला न्यावं.

‘शाळा सोडणारेच मोठे होतात’

शिक्षण अर्धवट सोडून अब्जाधीश झालेल्यांची नावं मुलांना पाठ असतात. अमेरिकेत पिअर आझुले आणि सहकाऱ्यांनी नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचा मोठा अभ्यास केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्या सुरू करताना संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव उपयोगी ठरला. दहावीतल्या मुलाला घाई नाही, हे त्याला मोकळेपणाने सांगायला हवं.

‘दहातले नऊ धंदे बुडतात’ हेही असंच तोंडी फिरणारं वाक्य. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत नव्या व्यवसायांपैकी साधारण पाचातला एक पहिल्या वर्षी आणि निम्मे पाच वर्षांत बंद होतात. बंद होणं म्हणजे दिवाळं निघणंच असं नाही. काही विकले जातात, काहींचे मालक दुसऱ्या कामाला लागतात.

‘अठराच्या आत काहीच करता येत नाही’

मर्यादा आहेत, त्या नीट माहीत असाव्यात. अल्पवयीनाने केलेला करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही, आणि अल्पवयीन मूल कंपनीचं संचालकही होऊ शकत नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खातं स्वतः चालवता येतं. चौदाच्या आतल्या मुलांना कामाला ठेवण्यास मनाई आहे. शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात मदत केलेली मात्र चालते, काम धोक्याचं नसेल तर. उधारी, भाडेपट्टा, कर्ज अशा गोष्टी पालकांच्या नावावरच राहाव्यात. यात मुलाचंच संरक्षण आहे.

शाळांना माझी एक विनंती आहे. मेळावा वर्षातून दोनदा भरवा, मध्ये महिनाभराचं अंतर ठेवून. पहिल्या बाजारात काका-मावश्या कौतुकाने घेतात. दुसऱ्या वेळी कोण परत आलं, कुणी भाव पाडून मागितला, काय पडून राहिलं, हे मुलांना वहीत लिहू द्या. आणि ज्याचा माल पडून राहिला, त्याची वही वर्गात सर्वांत आधी वाचा. त्याने काय विकलं, किती भावाने आणि कुणाला विचारून, यावर तासभर बोलता येईल.