ज्वर आणि उन्हाची बाधा

दक्षाच्या यज्ञप्रसंगीं रुद्राचा जो कोप झाला, त्यापासून ज्वर उत्पन्न झाला, अशी कथा आपल्या आयुर्वेदग्रंथांत आहे. ज्वर म्हणजे बाहेरून ओढवलेला कोप, अशी समजूत घरोघरीं असल्यास नवल नाहीं. शरीरशास्त्राचें म्हणणें मात्र निराळें आहे. ज्वर हा जंतूंनीं पेटविलेला अग्नि नव्हे. तो आपल्याच मेंदूनें सोडलेला हुकूम होय.

मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे. तो शरीराची उष्णता फॅरनहाइट मापानें सुमारें ९८.६ अंशांवर राखतो. जंतूंचा शिरकाव होतांच रक्तांतील पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखीं द्रव्यें सोडतात. त्यांच्या योगानें मेंदूंतील रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन तयार होतें, आणि हायपोथॅलॅमस आपलें माप, समजा, १०२ अंशांवर नेऊन ठेवतो. मग ९९ अंशांचें अंगही मेंदूच्या हिशेबीं थंडच! म्हणून हातपाय गार पडतात व स्नायु थरथरून उष्णता निर्माण करतात. हीच हुडहुडी. या वाढत्या उष्णतेंत कित्येक जंतूंची वाढ मंदावते. त्यांचा जोर ओसरला कीं माप खालीं येतें आणि घाम सुटून ताप उतरतो. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिति थांबवितें, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. पॅरासिटामॉलही मुख्यतः याच वाटेनें ताप उतरवितें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत हा विचार विशेष उपयोगाचा आहे. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूस वैशाखांत ऊन लागून माणसाचें अंग तापतें. दिसावयास तो तापच; पण तेथें मेंदूचें माप जागच्या जागीं असतें, केवळ बाहेरची उष्णता शरीरास आवरत नाहीं. म्हणून तेथें पॅरासिटामॉलची गोळी व्यर्थ होय. उन्हांतून आलेला मनुष्य असंबद्ध बोलूं लागला किंवा त्याची शुद्ध हरपूं लागली, तर त्यास तत्काळ सावलींत आणावें, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि इस्पितळांत पोंचवावें. येथें विलंब प्राणावर बेततो.

उलट, हुडहुडी भरलेल्या रोग्यावर गार पाणी ओतल्यास थरथर अधिकच वाढते. त्यास पांघरूण द्यावें, घाम सुटतांच तें काढावें, आणि पाणी वरचेवर पाजावें. तथापि ताप अंगावर काढूं नये. तीन महिन्यांच्या आंतील अर्भकाच्या बाबतींत तर मुळींच नाहीं. हुकूम मेंदूनें दिला हें आपणांस कळलें, तरी तो कशासाठीं दिला हें शोधणें डॉक्टरांचेंच काम आहे.