ग्रंथपालाचे प्रशिक्षण आणि वाचकाचा वेळ

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. रंगनाथनांची वाट वेगळी. गणित शिकवणारे हे गृहस्थ १९२४ मध्ये लंडनला गेले, तेथील ग्रंथालये हिंडले, आणि परतल्यावर मद्रास विद्यापीठातील कपाटे त्यांनी वाचकांना खुली केली. १९३१ च्या त्यांच्या पंचसूत्रीतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. तो या हिंडण्यातूनच आला असावा, असे मला वाटते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाला बढतीसाठी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि ऑटोमेशन, डिजिटायझेशन अशा विषयांचे किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण लागते. ते हवेच. पण आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थी वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतो. तास संपणे आणि गाडी सुटणे यांमधला अर्धा तास, हाच त्याचा ग्रंथालयाचा वेळ. तो चिठ्ठी भरून खिडकीशी उभे राहण्यात गेला, तर पुस्तक चाळणार कधी? ‘एन-लिस्ट’वरची ई-पुस्तके घरी मोबाइलवर वाचता येतात; मात्र खाते महाविद्यालयामार्फत उघडावे लागते, आणि पहिल्यांदा शेजारी बसून ते दाखवणारे कोणी लागते.

म्हणून प्रशिक्षणातला एक दिवस प्रत्येकाने आपल्याच वाचनकक्षात, वाचकाच्या खुर्चीवर बसून काढावा. कोण आले, किती थांबले, काय न मिळता परत गेले, याचे टिपण करावे. पंखा नि प्लग कुठे हवेत, हेही तिथेच कळते.