स्वयंपाकघरात जन्मलेला खेळ

कडेवर तान्हे मूल आणि डोक्यात एक गोष्ट. एवढ्याच भांडवलावर रॉबर्टा विल्यम्स या तरुण गृहिणीने घरगुती कॉम्प्युटरवरच्या खेळांना चित्रांचे जग दिले. तिच्या यशाची आणि त्या यशाच्या किमतीची ही कहाणी.

साल १९७९. अमेरिकेत लॉस एंजल्सजवळच्या सिमी व्हॅली गावातले एक मध्यमवर्गीय घर. नवरा केन विल्यम्स कॉम्प्युटर प्रोग्रामर. दिवसा नोकरी आणि रात्री घरी बसून वरकड कामे, हा त्याचा शिरस्ता. बायको रॉबर्टा सव्वीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षीच तिचे लग्न झालेले. पदरात दोन मुलगे, त्यातला धाकटा तर अवघ्या काही महिन्यांचा. नवऱ्याचे सगळे आयुष्य कॉम्प्युटरभोवती फिरत असले तरी तिला स्वतःला त्या यंत्राची फारशी गोडी नव्हती.

एके दिवशी कामासाठी केन एक टर्मिनल घरी घेऊन आला. टेलिफोनच्या तारेने ते दूरवरच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले होते. त्या कॉम्प्युटरमध्ये त्याला अचानक एक खेळ सापडला. त्याचे नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’, म्हणजेच ‘कोलॉसल केव्ह’. विल क्राउदर या प्रोग्रामरने केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधारे, घटस्फोटानंतर दुरावलेल्या आपल्या मुलींसाठी तो तयार केला होता. पुढे डॉन वुड्सने त्यात भर घातली होती. खेळात एकही चित्र नव्हते. तुम्ही कुठे उभे आहात हे कागदावर छापून येई आणि पुढे काय करायचे ते एकदोन शब्दांत टंकून सांगायचे.

केनने सहज म्हणून रॉबर्टाला बोलावले आणि ती त्या गुहेत जी शिरली ती बाहेर यायलाच तयार होईना! बाळाकडे कसेबसे लक्ष देत, पुढच्या दाराची युक्ती मनात घोळवत तिने पती-पत्नीच्या जोडीने तो खेळ तडीस नेला. मग तशाच आणखी खेळांचा शोध सुरू झाला. ते संपायला वेळ लागला नाही. आता खेळायला काही उरले नाही, तेव्हा तिच्या मनात आले, आपणच एखादा खेळ का रचू नये?

कागदावरचा वाडा

लहानपणापासून रॉबर्टाला गोष्टी रचून सांगायची सवय होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि मोठ्या कागदावर तिने एक जुना वाडा आखला. अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा आणि ‘क्लू’ हा बैठा खेळ तिच्या डोळ्यांपुढे होता. वाड्यात काही माणसे जमली आहेत, कुठेतरी जडजवाहीर दडवलेले आहे आणि एकामागून एक माणसांचे खून पडत आहेत. खेळणाऱ्याने खुनी ओळखायचा आणि स्वतःचा जीवही वाचवायचा.

केन त्या सुमारास ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती कॉम्प्युटरसाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर लिहिण्याच्या विचारात होता. त्यासाठीच त्याने ‘ऑन-लाइन सिस्टिम्स’ ही कंपनी काढली होती. साहजिकच बायकोच्या या कल्पनेकडे त्याने सुरुवातीला फारसे लक्ष दिले नाही. पण नुसते शब्द नकोत, खेळात चित्रेही हवीत, असे ठरले तेव्हा त्याच्यातला प्रोग्रामर जागा झाला. कारण तोवर अशा साहसखेळांत कोणी चित्रे घातली नव्हती.

अडचण मोठी होती. खेळाला सत्तर चित्रे लागणार होती आणि त्या काळच्या एका फ्लॉपीवर ती जशीच्या तशी मावणे अशक्य. केनने तोड काढली. पूर्ण चित्र साठवायचेच नाही, फक्त रेघ कोठून कोठपर्यंत जाते एवढेच आकडे साठवायचे. मग कॉम्प्युटर दर वेळी ते चित्र नव्याने काढील. आपण रांगोळीच्या ठिपक्यांचा हिशेब लक्षात ठेवतो, तसेच काहीसे. चित्रे रॉबर्टाने स्वतः काढली. ती साधी, काड्यांच्या माणसांची, एकरंगी होती. पण ती होती, हेच विशेष.

मे १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ बाजारात आला. किंमत २४ डॉलर ९५ सेंट. फ्लॉपी आणि सूचनांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरूनच रवाना होई. वाड्यात अडकलेली गिऱ्हाइके फोनवरून युक्त्या विचारत आणि रॉबर्टा उत्तरे देई. बघता बघता दहा हजारांहून अधिक प्रती खपल्या. चित्रे असलेला पहिला साहसखेळ म्हणून आज याच खेळाचे नाव घेतले जाते. कंपायलरचा बेत अर्थातच बाजूला पडला.

डोंगराच्या पायथ्याशी

शहराच्या धकाधकीतून मुलांना बाहेर काढायचे, हे या जोडप्याचे जुने स्वप्न होते. खेळाच्या कमाईने ते साधले. सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर त्यांनी बिऱ्हाड हलवले. ओकहर्स्टसारख्या लहानशा गावात खेळांचा कारखाना उभा राहिला आणि १९८२ मध्ये कंपनीला नाव मिळाले ‘सिएरा ऑन-लाइन’.

रॉबर्टाचा दुसरा खेळ ‘विझर्ड अँड द प्रिन्सेस’ रंगीत होता. १९८२ च्या ‘टाइम झोन’मध्ये तर तिने चौदाशेहून अधिक चित्रे योजली. सहा फ्लॉप्यांच्या दोन्ही बाजू भरलेला हा खेळ जवळजवळ शंभर डॉलरना विकला गेला. इतकी किंमत मोजणारे थोडेच निघाले. महत्त्वाकांक्षा बाजाराच्या पुढे धावली की काय होते, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडा अधिक कडू होता. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कंपनीने कार्ट्रिजवर मोठी रक्कम गुंतवली होती. माल पडून राहिला, माणसांना कामावरून कमी करावे लागले आणि दिवाळे निघायची वेळ आली.

राजा, राजकन्या आणि दॅव्हेन्ट्री

अशा वेळी आधार झाला तो आयबीएमचा. ‘पीसी ज्युनियर’ या आपल्या नव्या घरगुती कॉम्प्युटरचे गुण दाखवणारा खेळ त्या कंपनीला हवा होता. रॉबर्टाने परीकथांचा जुना पेटारा उघडला. दॅव्हेन्ट्रीच्या निपुत्रिक राजाने ग्रॅहम या सरदाराला हरवलेल्या तीन जादूच्या वस्तू शोधायला पाठवले, अशी कथा तिने रचली. यातूनच १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ जन्माला आला.

त्यात ग्रॅहम पडद्यावर प्रत्यक्ष चालत होता. झाडामागे गेला की दिसेनासा होई, पुढे आला की पुन्हा दिसे. आज यात कोणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरवर गोष्टीतला माणूस असा वावरताना पाहून लोक चकित झाले. गंमत अशी की ज्याच्यासाठी खेळ बनवला तो ‘पीसी ज्युनियर’ सपशेल आपटला. पण तोच खेळ चालवू शकणारा टँडी कंपनीचा स्वस्त कॉम्प्युटर आला आणि ‘किंग्ज क्वेस्ट’ घरोघरी पोहोचला. सिएरा वाचली.

पुढे या मालिकेचे भाग येत राहिले आणि पात्रेही संसाराला लागली. ग्रॅहमचे लग्न झाले, त्याला मुले झाली. १९८८ च्या चौथ्या भागात रॉबर्टाने नायकाच्या जागी राजकन्या रोझेलाला उभे केले. मरणासन्न पित्यासाठी जादूचे फळ आणायला ही मुलगी एकटी निघते. कॉम्प्युटर खेळांतली स्त्री म्हणजे बहुधा सुटकेची वाट पाहणारी, असे ते दिवस होते. १९९० च्या पाचव्या भागाने तर पाच लाख प्रतींचा पल्ला ओलांडला.

चिमुरड्यांसाठी बालगीतांचा खेळ करणाऱ्या याच रॉबर्टाने १९९५ मध्ये ‘फँटॅझमागोरिया’ हा भयपट वाटावा असा खेळ आणला. खरे नट-नट्या, शेकडो पानांची संहिता, सात सीडी आणि चाळीस लाख डॉलरहून अधिक खर्च! त्यातल्या हिंसेने आणि बलात्काराच्या प्रसंगाने गदारोळ माजला. काही दुकानांनी तो ठेवायला नकार दिला, ऑस्ट्रेलियात त्याला परवानगीच मिळाली नाही. खप मात्र जोरात झाला. प्रौढांची गोष्ट प्रौढांसारखीच सांगावी, ही तिची भूमिका अनेकांना पटली, तर परीकथांवर वाढलेल्या चाहत्यांना हा धक्काच होता.

घरचा धंदा परक्या हाती

१९९६ मध्ये सीयूसी इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे एक अब्ज डॉलर किमतीच्या शेअर्सच्या मोबदल्यात सिएरा विकत घेतली. सौदा सोन्यासारखा दिसत होता. पुढच्याच वर्षी सीयूसी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन ‘सेंडंट’ झाली. एप्रिल १९९८ मध्ये उघडकीस आले की सीयूसीच्या हिशेबांत वर्षानुवर्षे खोटा नफा दाखवला जात होता. शेअरचा भाव एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. सीयूसीच्या बड्या अधिकाऱ्यांना पुढे तुरुंगाची शिक्षा झाली. पण ज्यांची पुंजी त्या शेअर्समध्ये अडकली होती, त्यांचे नुकसान त्याने थोडेच भरून निघणार?

सिएरा पुन्हा विकली गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ओकहर्स्टचा स्टुडिओ बंद झाला आणि एका दिवसात शंभराहून अधिक माणसे बेकार झाली. डोंगरातल्या त्या लहान गावात तशी दुसरी नोकरी कुठून मिळणार? अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. त्याच सुमारास रॉबर्टाही या धंद्यातून बाहेर पडली. तिचा शेवटचा ‘किंग्ज क्वेस्ट’ १९९८ च्या अखेरीस आला, पण त्यावर तिची पूर्वीसारखी हुकमत राहिली नव्हती.

पुन्हा त्याच गुहेत

त्यानंतरची वीस वर्षे पती-पत्नींनी होडीतून समुद्र पालथे घालण्यात काढली. २०२० मध्ये केनने कंपनीच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या. २०२१ मध्ये रॉबर्टाची आयरिश स्थलांतरितांवरची कादंबरी प्रसिद्ध झाली.

करोनाच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या केनला खेळ तयार करण्याचे नवे तंत्र शिकण्याची हुक्की आली. कोणता खेळ करावा? रॉबर्टाने नाव सुचवले, ‘कोलॉसल केव्ह’. जानेवारी २०२३ मध्ये तो खेळ नव्या, त्रिमिती रूपात प्रसिद्ध झाला. तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. ज्या गुहेत फक्त शब्द होते, तिथे आता तिने दिवे लावले होते, भिंती आणि झरे दाखवले होते.

रॉबर्टाने प्रोग्रामिंगच्या जोरावर नाव कमावले नाही. ते काम केनने आणि नंतर कंपनीतल्या इतरांनी केले. पण कोणत्या दारामागे काय असावे, हे ठरवणारी ती होती. कंपन्या विकल्या जातात, शेअरचे भाव पडतात, गावातला कारखानाही बंद होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आखलेला तो वाडा मात्र आजही उभा आहे आणि त्यात शिरणारे आजही खुन्याचा शोध घेत आहेत.