फॉर्ममधला रकाना नक्की कुठे जोडलाय?

मागच्या वेळी आपण टेबल आणि क्वेरी पाहिल्या. आज फॉर्म. त्यातही फक्त माहिती भरायचा रकाना, ज्याला मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये टेक्स्ट बॉक्स म्हणतात. तो बिघडला की काय तपासायचं, एवढंच आज बघू.

सुरुवात आमच्याच फजितीने करतो. एका लहान वाचनालयासाठी आम्ही सभासद नोंदणीचा फॉर्म केला होता. मांडणी बदलताना मोबाइल नंबरचा रकाना चुकून डिलीट झाला, म्हणून तिथे नवा टेक्स्ट बॉक्स आणून ठेवला आणि शेजारी ‘मोबाइल’ असं लिहिलं. दिसायला अगदी पहिल्यासारखा. ग्रंथपालबाई दोन आठवडे त्यात नंबर भरत होत्या. मग यादी काढली, तर मोबाइलचा स्तंभ कोरा! कागदी अर्ज जपून ठेवले होते म्हणून निभावलं.

झालं काय होतं? फॉर्म ही नुसती खिडकी. माहिती राहते टेबलात. फॉर्मचा रेकॉर्ड सोर्स सांगतो, माहिती कोणत्या टेबलातली किंवा क्वेरीतली. रकान्याचा कंट्रोल सोर्स सांगतो, त्यातलं कोणतं फील्ड. आमच्या नव्या बॉक्सचा कंट्रोल सोर्स रिकामा होता. अशा बॉक्सला अनबाउंड म्हणतात. टाइप केलेलं तो दाखवतो, पण टेबलात पाठवत नाही, आणि तक्रारही करत नाही. खूण मात्र होती: पुढच्या सभासदावर गेलं तरी आधीचाच नंबर दिसत राहायचा. बाईंनी ते आम्हाला सांगितलंही होतं. आम्ही म्हटलं, ‘त्यावरच टाइप करा.’ चूक सर्वस्वी आमची.

म्हणून पहिला नियम: रकाना बिघडला की आधी डिझाइन व्ह्यूमध्ये जा, रकाना निवडा, एफ ४ दाबून प्रॉपर्टी शीट उघडा आणि ‘डेटा’ टॅबवरचा कंट्रोल सोर्स वाचा. ‘अदर’ टॅबवरचं नेम वेगळं. रकान्याला नाव दिलं म्हणून तो फील्डला जोडला जात नाही.

आता बाकीची लक्षणं. रकान्यात ‘#नेम?’ दिसतंय? मग कंट्रोल सोर्समध्ये लिहिलेलं फील्ड बहुधा रेकॉर्ड सोर्समध्ये नाही. टेबलात फील्डचं नाव बदललं किंवा क्वेरीतून ते वगळलं, की हे होतं.

टाइपच होत नाही? एकाच रकान्यात होत नसेल, तर तीन गोष्टी पाहा. कंट्रोल सोर्स बरोबरच्या चिन्हाने सुरू होतोय का? मग ते गणित आहे, त्यात लिहिता येणार नाही. लॉक्ड ‘येस’ आहे का? एनेबल्ड ‘नो’ आहे का? पण सगळ्याच रकान्यांत अडत असेल, तर रकान्यांना दोष देऊ नका. फॉर्मचं अलाउ एडिट्स बघा, मग त्याखालची क्वेरी स्वतंत्र उघडून तिथे बदल होतोय का ते बघा. बेरजांची किंवा युनियन क्वेरी असेल, तर तिच्यातून बदल करता येत नाही.

आणखी एक गैरसमज. रकान्यातून बाहेर पडलं की नोंद सेव्ह झाली, असं नसतं. डावीकडच्या पट्टीत पेन्सिल दिसतेय तोवर नोंद सेव्ह व्हायची आहे. दुसऱ्या नोंदीवर गेलात किंवा शिफ्ट-एंटर दाबलंत, की ती सेव्ह होते.

शेवटी एक सवय लावून घेऊ. फॉर्म कुणाच्या हाती देण्याआधी एक खोटी नोंद पूर्ण भरायची, पुढच्या नोंदीवर जायचं आणि थेट टेबल उघडून प्रत्येक स्तंभ बघायचा. दोन मिनिटांचं काम. आणि रोज फॉर्म भरणारं माणूस ‘इथे काहीतरी विचित्र दिसतंय’ म्हणालं, तर त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. आम्ही बसलो असतो, तर बाईंचे दोन आठवडे वाचले असते.